घाईत वाळलेला अक्रोड

९ मार्च, रविवार

नानांचा अक्रोड आज आडवा झाला. मुळं न्हाणीघराच्या भिंतीत शिरली होती, फरशी उचलली गेली होती, इलाजच नव्हता. नाना म्हणजे माझे सासरे. जन्मभर शिंपीकाम केलं, आणि उन्हाळेच्या उन्हाळे त्या झाडाखाली मशीन मांडून काढले. करवत चालू असेपर्यंत ते आत दार लावून बसले होते. आवाज थांबल्यावर बाहेर आले ते गळ्यात टेप घालूनच. बुंध्याला टेप गुंडाळून माप घेतलं आणि म्हणाले, "एवढ्या छातीचा कोट मी कुणाला शिवला नाही." सगळे हसलो, पण त्यांचे डोळे लाल होते.

वखारवाला लाकूड उचलायला तयारच होता. तेवढ्यात आमची ही पुढे झाली. "नाना, मला द्या. वाळवून घेऊ, आणि तुमच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्याचंच टेबल करू. सगळे एकदम बसतील एवढं मोठं."

तिघी बहिणींत ही मधली. माहेरी हिला कुणी नावानं हाक मारत नाही, 'धांदल' म्हणतात. लहानपणी गिऱ्हाइकाच्या कोटावर इस्त्री तशीच राहिली आणि पाठीला भोक पडलं, तेव्हापासूनचं हे बारसं. ताई, म्हणजे हिची मोठी बहीण, लगेच म्हणाली, "धांदल लाकूड वाळवणार? मग कोळसेच मिळतील." धाकटी तर हसून हसून खाली बसली.

नाना हसले नाहीत. हिच्याकडे बघून म्हणाले, "तू?"

"आम्ही दोघं," ही म्हणाली.

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लक्ष घालणार असाल तर ठीक आहे."

मला फार बरं वाटलं. जावयावर एवढा विश्वास टाकणारा सासरा मिळायला नशीब लागतं. परतताना ही गप्प होती, दमली असावी.

२३ मार्च

परसात उन्हाची भट्टी उभी राहिली. भट्टी म्हणजे एका कुशीवर कललेली लाकडी खोलीच. उन्हाच्या बाजूला उतरतं छप्पर, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा जाड कागद. आत काळा रंग दिलेला पत्रा, म्हणजे ऊन पडलं की तो तापतो. मागच्या भिंतीत खाली दोन आणि वर दोन खिडक्या, ओलसर हवा बाहेर जाण्यासाठी. आणि दोन पंखे. पंखे अर्थात माझे. जळालेल्या मोटारी पुन्हा बांधून देण्याचं दुकान आहे माझं, पंख्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

फळ्या अडीच इंच जाड कापून आणल्या. एकावर एक रचायच्या, पण मध्ये पट्ट्या घालून, म्हणजे हवा खेळती राहते. फळ्यांची टोकं मेणानं बंद करायची असतात, नाही तर ती आधी वाळून फाटतात. ते काम हिनं केलं. मेणबत्त्या वितळवून ब्रशनं प्रत्येक टोक असं लिंपलं की जणू लोण्यानं सारवलंय. मी म्हटलं, "धांदल, हे तूच केलंस ना?" ती म्हणाली, "घरी तरी त्या नावानं हाक मारू नका हो." मी गंमत केली होती.

वखारवाल्यानं नियम सांगितला तो असा. पहिले काही आठवडे खिडक्या जवळजवळ बंद ठेवायच्या. पंखा फक्त दिवसा. संध्याकाळी सगळं बंद करून लाकडाला रात्रभर गप्प पडू द्यायचं, कारण दिवसा वरचा थर वाळतो आणि रात्री आतला ओलावा हळूहळू वर सरकतो. लाकूड रात्री दम खातं, असं तो म्हणाला.

हे काही मला पटलं नाही. आमच्या धंद्यात ओलावा हा शत्रू. मोटारीची वेटोळी व्हार्निशमध्ये बुडवली की रात्रभर हीटरपुढे ठेवतो, सकाळी खणखणीत. अर्धा वेळ भट्टी बंद ठेवायची म्हणजे अर्धं दुकान बंद ठेवण्यासारखं आहे. हिला तसं म्हटलं तर म्हणाली, "त्याचा तो धंदा आहे. नियम सांगितलाय तर पाळू या ना."

२ एप्रिल

सुतार येऊन फळ्या बघून गेला. गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान आहे, हात चांगला आहे, फक्त तोंड सारखं कडू औषध घेतल्यासारखं. म्हणाला, जूनअखेर लाकूड हातात आलं तर टेबल करून देतो. नंतर शाळेच्या बाकांचं काम घेतलंय, ते सुरू झालं की वर्षभर मान वर करता यायची नाही.

नियमानं गेलं तर लाकूड ऑगस्टशिवाय वाळत नाही. नानांचा वाढदिवस सप्टेंबरात.

ही म्हणाली, "टेबल उशिरा दिलं तर नाना रागवायचे नाहीत. खराब दिलं तर मात्र मला माहेरी तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

मी म्हटलं, खराब होईलच कशाला.

६ एप्रिल, रविवार

खिडक्या सगळ्या उघडल्या. दुकानातला हीटर आणून भट्टीत ठेवला. ही झोपल्यावर हीटर आणि दोन्ही पंखे लावतो, सकाळी ती उठायच्या आत बंद करतो आणि खिडक्या ढकलून घेतो. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाद झाला असता, आणि वाद घालून लाकूड वाळत नाही.

सुयांचं मीटर आणलंय. फळीत दोन सुया टोचल्या की ओलाव्याचा आकडा दिसतो. आकडा असा उतरतोय की बघत राहावं.

११ एप्रिल

चहा पिताना ही म्हणाली, "रात्री काहीतरी घुमतं हो. पंखा चालू राहतो का आपला?"

मी म्हटलं, "शेजारच्यांचा असेल."

उगाच म्हटलं. हो म्हणून टाकलं असतं तर काय झालं असतं? पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. ती "असेल" म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

१५ एप्रिल

वरच्या तीन फळ्यांवर केसासारख्या चिरा. हात लावला तर नखाला जाणवतात. हीटर दोन रात्री बंद ठेवला, पण मग मीटरचा आकडा जागचा हलेना, आणि तिकडे जून काही थांबायचा नाही. पुन्हा लावला.

२९ एप्रिल

चिरा मिटल्या! लिहितानाही हसू येतंय. भिंग लावून बघितलं, फळी गुळगुळीत, जणू कधी काही नव्हतंच. लाकडानं आपलं आपण भरून काढलं. वखारवाल्याला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले. जुनी माणसं भीतीपोटी नियम करून ठेवतात आणि पुढचे डोळे मिटून पाळतात.

८ मे

दोन दिवस परगावी होतो. पिठाच्या मोठ्या गिरणीच्या मोटारी बंद पडल्या होत्या. जाताना हीटर भट्टीमागे पोत्याखाली झाकून ठेवला आणि हिला सांगितलं, दिवसा पंखा, संध्याकाळी खिडक्या बंद, विसरू नकोस. काल इथे धुळीचं वादळ झालं म्हणे, रस्त्यावर पत्रे उडाले. मला तिथे काळजीनं जेवण गोड लागेना.

आल्या आल्या चप्पल न काढता परसात गेलो. चारी खिडक्यांना कड्या, कड्यांना वरून तारेचे वेढे, फटींत चिंध्या कोंबलेल्या. धुळीचा कण आत नाही. धांदल कसली, किल्लेदार आहे. तसं म्हणावंसं वाटलं, पण ती कपडे वाळत घालत होती, राहून गेलं.

हीटरवरचं पोतं घडी घालून बाजूला ठेवलेलं आहे आणि वायरही नीट गुंडाळलेली. जाण्याच्या घाईत मीच गुंडाळली असणार.

१५ जून, रविवार

वाळलं. मीटर आठ टक्के दाखवतंय. यापेक्षा कोरडं टेबल कुणाच्या घरी नसेल. नानांना फोन केला, ताईला केला, साडूभाऊंना केला, धाकटीला केला. सगळ्यांना सांगितलं की तज्ज्ञ म्हणतात त्याच्या निम्म्या वेळात करून दाखवलं. नाना म्हणाले, "पहिली फळी कापताना मी येतो." ही मागे उभी होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "एवढं सांगायला नको होतं. आधी सुताराला कापू तरी द्या."

२२ जून, रविवार

लिहू की नको असं झालंय.

सुतार करवत घेऊन परसातच आला. नाना खुर्ची टाकून बसले होते, बाजूला ताई आणि धाकटी. सुतारानं सगळ्यात सुंदर फळी निवडली, रंग असा की काळ्या चहावर ऊन पडावं. मधोमध कापली. तुकडा हातात घेऊन त्यानं कापलेली बाजू बघितली, आणि मग ती आमच्याकडे वळवली.

आत नुसती जाळी. वरून आरसा आणि आत उभी भोकं, बोटाचं पेर जाईल एवढी. त्यानं दुसरी फळी कापली, मग तिसरी. सगळीकडे तेच.

"आतून फाटलंय," तो म्हणाला. "वरचं कातडं घाईत वाळून कडक झालं, आतलं ओलंच. मग आतलं वाळायला लागलं तेव्हा त्याला आकसायला जागा नाही, फाटलं. गरम वारा लागलाय याला. टेबल व्हायचं नाही, जळण म्हणून वापरा."

नानांनी तुकडा मांडीवर घेतला. भोकांवरून अंगठा फिरवला, कापडाची वीण बघावी तसा. मग विचारलं, "वारा कुठून लागला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मेमध्ये मी दोन दिवस परगावी होतो. वादळ झालं होतं तेव्हा. खिडक्या..."

एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य केलंच नाही.

धाकटीनं कपाळावर हात मारला. "धांदल!" ताई म्हणाली, "मी तर पहिल्याच दिवशी म्हटलं होतं." सुतार माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "दोन दिवसांत?" आणि मग करवतीचं पातं पुसायला लागला.

ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती माहीत नाही. नाना तिला म्हणाले, "झाड गेलं त्याचं काही नाही गं. पण एक काम, एक तरी काम पुरतं करावं माणसानं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादी वस्तू आपलीच ना, हे बघावं तसं. मग ट्रे खाली ठेवून म्हणाली, "घ्या, गार होतंय."

२३ जून

मी एक शब्दही खोटा बोललो नाही. परगावी गेलो होतो, खरं. वादळ झालं, खरं. निष्कर्ष त्यांनी काढला. शिवाय दुपारी एखादी खिडकी उघडी राहिली नसेलच असं कोण सांगू शकतं? कड्या मी आलो तेव्हा लावलेल्या होत्या, त्याआधीचं मला काय माहीत?

हे लिहून काढलं तर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाचून बघितलं आणि वही भिरकावावीशी वाटली. चिंध्या कोंबलेल्या मी या डोळ्यांनी पाहिल्यात.

२५ जून

आज सांगणार होतो. ती भांडी लावत होती. मी म्हणालो, "अगं, त्या दिवशी..." तिनं हातातलं भांडं तसंच धरून ठेवलं आणि थांबली. मी म्हणालो, "त्या दिवशीचा चहा मस्त झाला होता." तिनं भांडं फळीवर ठेवलं.

स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावी असं माझं वय राहिलं नाही, नाही तर मारून घेतली असती.

१३ जुलै, रविवार

साडूभाऊंकडे जेवायला गेलो होतो. त्यांचे कुणी पाहुणे होते, त्यांना ताईनं आधी इस्त्रीची गोष्ट सांगितली आणि पाठोपाठ खिडकीची. इस्त्रीची गोष्ट गेली चाळीस वर्षं चालू आहे, आता तिला जोडीदार मिळाली. खिडकीची गोष्ट ताई फार रंगवून सांगते. त्यात ही वादळ चालू असताना खिडकीत उभी राहून पत्रे उडताना बघत होती, असंही आलंय. पाहुणे पोट धरून हसले. ही पण हसली. मला पाहुण्यांनी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?" मी म्हणालो, "आता काय करणार."

आता काय करणार, असं मी म्हणालो. साडूभाऊंनी पाठीवर थाप मारली, "मोठ्या मनाचा माणूस आहे." जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात, ते कशासाठी ते आज कळलं.

३ ऑगस्ट

नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन महिनाअखेरीस. नंतर महिनाभर दिवसातून कितीतरी वेळा थेंब घालायचे, ते चुकवून चालत नाही. आमचं घर दवाखान्याच्या जवळ, म्हणून ही म्हणाली, नाना आमच्याकडे राहतील. तिनं लगेच मागची खोली रिकामी केली. प्रकाश डोळ्यावर येऊ नये म्हणून जाड निळा पडदा स्वतः शिवला, पलंग भिंतीपासून हलवून अशा बाजूला लावला की उठताना त्यांचा हात आधाराला लागेल. मला तीनदा त्या पलंगावर झोपवून उठायला लावलं. किती दिवसांनी ती माझ्याशी एवढं बोलली.

१७ ऑगस्ट, रविवार

ताईचा फोन. नाना तिच्याकडे राहणार, ठरलं. फोन मोठ्या आवाजावर होता, मी ऐकत होतो. "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस, पण थेंब वेळेवर पडले पाहिजेत. डोळ्याचा प्रश्न आहे. खिडकीसारखं झालं तर नाना आंधळे होतील."

"नाना काय म्हणाले?" हिनं विचारलं.

"नानाच म्हणाले."

ही बरं म्हणाली. मग खोलीत गेली आणि पडदा काढायला स्टुलावर चढली. मी म्हणालो, "राहू दे ना, पडदा काय मागतोय?" ती म्हणाली, "नाना येणार नाहीत तर अंधार कशाला." तिच्या हाताला पडद्याच्या कड्या निघेनात. मी मदत करायला गेलो तर "तुम्ही राहू द्या" म्हणाली.

मोठ्या मनाचा माणूस खाली उभा राहून बघत होता.

१९ ऑगस्ट

गेलो. नाना एकटे होते, मुद्दाम तशी वेळ साधली. झाड होतं तिथे आता नुसतं ऊन पडतं, त्यात ते पाय सोडून बसले होते. बसलो आणि सगळं सांगितलं. हीटर, रात्रीचे पंखे, उघड्या खिडक्या, ओठावर आलेलं आणि न बोललेलं वाक्य, सगळं. म्हणालो, "तिनं खिडक्या तारेनं बांधल्या होत्या, नाना. फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. लाकूड मी फाडलं."

ते सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी माझा हात हातात घेतला. जन्मभर कात्री धरलेला तो हात अजून घट्ट आहे.

"तुम्ही भला माणूस आहात," ते म्हणाले. "बायकोची चूक आपल्या अंगावर घ्यायची म्हणजे साधी गोष्ट नाही. ती रडली असेल घरी, म्हणून आलात. होय ना?"

"नाही हो नाना, खरंच मी..."

"तुम्ही मोटारीचा माणूस. हीटर कुठे लावायचा ते तुम्हाला कळत नाही का?" ते हसले. "मी तिला जन्मापासून ओळखतो. तुम्ही सांभाळून घेता म्हणून माझ्या जिवाला घोर नाही."

मी परत परत सांगितलं. जितकं सांगावं तितका मी त्यांच्या नजरेत चढत गेलो आणि ती उतरत गेली. शेवटी त्यांनी उठून मला पाणी दिलं. ते पाणी प्यायलो, आणि आलो.

हिला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? कबूल करायला गेलो होतो आणि शाबासकी घेऊन आलो, असं?

३१ ऑगस्ट

ऑपरेशन नीट झालं. ही रोज दुपारी बसनं ताईकडे जाते, नानांजवळ बसते आणि येते. थेंब घालत नाही. घालू देत नाहीत.

हल्ली बाहेर पडताना कुलूप लावलं की दोनदा ओढून बघते. काल अर्ध्या रस्त्यातून परत गेली, गॅस बंद केलाय की नाही बघायला. बंदच होता. पूर्वी ती असं करत नसे.

१४ सप्टेंबर, रविवार

नानांना ऐंशी पूर्ण. ताईकडे सगळे जमलो. सगळे एकदम बसतील असं टेबल नव्हतंच, म्हणून जेवणाच्या टेबलाला मुलांचं अभ्यासाचं टेबल जोडलं होतं. त्यातलं एक टेबल दोन बोटं उंच, त्यामुळे मध्ये पायरी पडली होती. धाकटी बसता बसता म्हणाली, "या पायरीबद्दल सर्वांनी धांदलचे आभार मानावेत." हशा झाला. ही पाणी वाढत होती, ती वाढतच राहिली.

मी उभा राहिलो. म्हणालो, "लाकूड मी खराब केलं. हिच्यापासून लपवून रात्री हीटर लावत होतो. खिडक्या हिनं लावल्या होत्या. त्या दिवशी मी अर्धं बोलून गप्प बसलो, कारण मला लाज वाटली. हे सगळ्यांसमोर सांगतोय."

मग ताई म्हणाली, "अगं बाई, किती जपता हो भाऊजी तुम्ही हिला." साडूभाऊंनी टाळ्या वाजवल्या. आणि नाना, डोळ्यांवर काळा चष्मा चढवलेले, मान डोलवत म्हणाले, "माझ्याकडेही येऊन हेच सांगून गेले. जावई असावा तर असा."

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण घडा पालथा कुणी घातला होता? मीच.

हिनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"नाना," ती म्हणाली, "मी खिडक्या लावल्या होत्या."

आवाज चढवला नाही. घरात कुणी तिला असं बोलताना ऐकलं नसावं, कारण मुलंसुद्धा तिच्याकडे बघायला लागली.

नाना म्हणाले, "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला विचारलंत कुठे? यांना विचारलंत. मी दारात उभी होते."

नानांनी हातातला घास ताटात ठेवला. बराच वेळ ते त्या दोन टेबलांमधल्या पायरीकडे बघत होते. मग म्हणाले, "लावल्या होत्यास?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "बरं."

ताई घड्याळाकडे बघून थेंबांची बाटली आणायला उठली. नाना तिला म्हणाले, "हिच्याकडे दे." ताई काहीतरी बोलणार होती, पण त्यांनी चष्मा काढून मान मागे टाकलीच होती. हिनं हात धुतले, पदराला न पुसता तसेच वाळू दिले, एका बोटानं नानांची खालची पापणी ओढली आणि थेंब सोडला. बाहेर टिपूसही आला नाही. नाना डोळे मिटून तसेच राहिले आणि चाचपडत त्यांनी तिचं मनगट धरलं. धरलं ते पुष्कळ वेळ सोडलं नाही. कुणी जेवेना.

परतताना आम्ही बसच्या थांब्यावर उभे होतो. मला वाटलं आता सगळं फिटलं. मन हलकं झालं होतं, त्या भरात विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं? हीटरचं?"

"वादळ झालं तेव्हापासून. चिंध्या शोधताना पोतं उचललं."

"म्हणजे सुतार आला त्या दिवशी तुला माहीत होतं? मग मला तरी बोलायचंस."

ती रस्त्याकडे बघत होती. "मला वाटलं, सगळे गेल्यावर सांगाल. मग वाटलं, उद्या सांगाल. भांडी लावत होते तेव्हा तर वाटलं, आता सांगताच."

मी म्हणालो, "आज सांगितलं ना. सगळ्यांसमोर."

"सांगितलंत, बरं केलंत," ती म्हणाली. "नानांसाठी फार बरं केलंत. पण मी वाट बघायची कधीच सोडली होती."